कंट्रोलर काका

कंट्रोलर काकांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, मार्क राहतात. मागच्या लगीनसराईत एका लग्नात आम्ही आहेर द्यायला स्टेजवर चढलो. काकांनी नवरीकडे निरखून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि एकदम खुलून म्हणाले, "एकोणीसची पाचशे एकवीस! दुसऱ्या राउंडला गोंदिया!" नवरी शालू सावरत वाकली आणि पाया पडली. नवऱ्याला यातलं अक्षर कळलं नाही. तो बिचारा इंजिनिअर होता.

काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. स्टँडवर त्या पदाला कंट्रोलरच म्हणतात. नोकरी संपली, पण बिरुद चालू राहिलं. पूर्वी ते लातूरच्या स्टँडवर खिडकीत बसून उदगीर, निलंगा, अहमदपूरच्या लोकांना कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार ते सांगायचे. आता स्टँडासमोरच्या टपरीवर बसून त्याच लोकांना त्यांच्या पोरांचं कोणतं कॉलेज कोणत्या राउंडला लागणार ते सांगतात. आवाज अजून माइकवरचाच आहे. "पाचशे चाळीस, ओबीसी, मुलगी, थांबा!" असं ते म्हणाले की समोरच्या रिक्षावाल्यालाही आपण थांबावं असं वाटतं.

लातुरात राहून वैद्यकीय प्रवेश हा विषय टाळता येत नाही. बोर्डाच्या गुणवत्ता याद्या लागत होत्या त्या काळात 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं. पुढे सीईटी आली, याद्या गेल्या, सीईटी जाऊन नीट आली, पण आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पोरं यायची थांबली नाहीत. एक खोली, एक गॅस, एक आई, एक पोरगं आणि भिंतीवर आवर्तसारणी, अशी बिऱ्हाडं गल्लोगल्ली आहेत. बाप गावाकडं शेती नाही तर नोकरी सांभाळतो आणि शनिवारी ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी घेऊन येतो. असा बाप एसटीतून उतरला की त्याला आधी काका दिसतात, मग पोरगं.

काका नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाहीत. "मार्क किती? कॅटेगरी कोणती?" एवढं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत हातानेच टपरीवाल्याला दोन चहाची खूण करतात. चहाचे पैसे समोरच्याने द्यायचे. एवढीच त्यांची फी. याच शहरात 'समुपदेशन पॅकेज' म्हणून हजारो रुपये मोजणारे लोक आहेत आणि ते मोजून झाल्यावर "एकदा काकांना दाखवून घ्यावं" म्हणून टपरीवर येणारेही तेच आहेत.

ही विद्या त्यांना मिळाली ती मुलीमुळे. २०१६ साली ती बारावी झाली. ते वर्ष ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत. राज्याची सीईटी ५ मेला. तिला आठवडा राहिलेला असताना सुप्रीम कोर्ट म्हणालं, यंदा नीटच चालणार. सीईटी झाली तरी ती धरणार की नाही, कुणी सांगेना. मग मे संपता संपता केंद्राने वटहुकूम काढला आणि राज्याच्या जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवर सोडल्या. त्या महिन्यात काका ड्युटीवर माइकसमोर वर्तमानपत्र पसरून बसायचे. औशाची गाडी लावायच्या ऐवजी त्यांनी एकदा कोर्टाची पुढची तारीख जाहीर केली, असं स्टँडवर अजून सांगतात. मला हे खरं वाटत नाही, पण खोटंही वाटत नाही.

एवढं करून मुलीला मिळत होतं ते दूरच्या गावातलं बीडीएस. मुलीने शांतपणे सांगितलं, मला दात नकोत, मी परभणीला ॲग्रीला जाते. गेली. आज कृषी खात्यात अधिकारी आहे आणि मजेत आहे. मुलीचा प्रश्न सुटला, पण काकांकडे एवढी विद्या शिल्लक राहिली. ती कुठे ठेवायची? म्हणून टपरी.

त्यांची बैठक म्हणजे एक बाकडं आणि तीन फुगलेल्या फायली. एकीत मागच्या वर्षांचे कटऑफ, एकीत माहितीपुस्तिका, एकीत कागदपत्रांचे नमुने. देशपातळीवरचा पंधरा टक्के कोटा हिरव्या पेनाने, राज्याचा पंच्याऐंशी टक्के निळ्याने. खासगी कॉलेजचा इन्स्टिट्यूशनल कोटा लाल पेनाने. "लाल का काका?" मी एकदा विचारलं. "फी बघा आणि मग विचारा," ते म्हणाले.

त्यातली तिसरी फाईल हा त्यांचा खरा प्रांत. मार्कांचं काय, ते पोरगं आणतं, कागद बापाला आणावे लागतात. डोमिसाइल आहे का? नॉन-क्रीमिलेयर ३१ मार्चनंतरही चालतं का? जातीचा दाखला नको, व्हॅलिडिटी दाखवा. व्हॅलिडिटीला टाकलीय? कधी? पावती? एकेक प्रश्नागणिक बाप खचत जातो. सहाशे मार्क पडल्याच्या आनंदात आलेला माणूस पाच मिनिटांत शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या आजोबांच्या नावातल्या वेलांटीवर येऊन थांबतो. पोराने दोन वर्षं क्रेब्ज सायकल पाठ केलेली असते आणि सीट अडते ती वेलांटीवर. काका मग त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतात. "घाबरूलालाव कशाला? उद्या साडेदहाला तहसीलला जावा. दोन नंबरच्या खिडकीवर उभं राहा, तीनवर नको."

उदगीरकडच्या लोकांची एक वेगळीच तऱ्हा. तिकडून बिदर जवळ. काही जणांनी हौसेने पोराची दहावी तिकडच्या शाळेत केलेली असते. राज्याच्या कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, हे त्यांना टपरीवर कळतं. मग कुणीतरी विचारतं, "पण काका, सीमाभागाचा कोटा आहे म्हणे?" आहे. महाराष्ट्र दावा सांगतो त्या ८६५ गावांसाठी तो आहे आणि त्यांची यादी काकांच्या फायलीत आहे. ज्या सीमाप्रश्नावर मराठी माणसाच्या मुठी वळतात, त्याच्याकडे काका फक्त मोजक्या जागांचा प्रश्न म्हणून बघतात. "आंदोलन करा, माझी ना नाही," ते म्हणतात, "पण तुमचं गाव यादीत आहे का ते आधी बघा."

पर्सेंटाइल समजावून सांगणं हे त्यांचं सगळ्यात दुःखाचं काम. एक गृहस्थ पेढे घेऊनच आले. पोराला नव्वद पडले होते. काकांनी पेढा घेतला, खाल्ला, पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "हे टक्के नव्हेत. बावीस लाख पोरं बसली. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पोराच्या पुढं दोन लाखांच्या वर पोरं उभी आहेत. एमबीबीएसच्या जागा अख्ख्या देशात सव्वा लाखाच्या आसपास." गृहस्थ पेढ्याच्या पुड्याकडे बघत राहिले. काकांनी पुडा हळूच मिटला आणि त्यांच्या पिशवीत परत ठेवला. "बीएएमएसला लागेल. तेव्हा आणा."

प्रेफरन्स भरण्याबाबत त्यांचं एकच तत्त्व आहे आणि ते कुणीही पाळत नाही. आवडीने भरा, भीतीने भरू नका. कॉम्प्युटर वरून खाली येतो. तुम्ही केईएम एक नंबरला टाकलं म्हणून तो तुमच्यावर हसत नाही, खाली सरकतो. पण आपल्या लोकांना वर मोठं नाव लिहायचा संकोच वाटतो. अहो, अडीचशे जागा आहेत तिथं, मागायला काय जातं? तरी बाप म्हणतो, "नको काका, आपलं अंबाजोगाईच वर टाका, उगीच ते चिडायचे." ते म्हणजे कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

रिटेन्शनचा फॉर्म मात्र त्यांच्याइतका सोपा करून महाराष्ट्रात कुणी सांगत नसेल. पहिल्या राउंडला सीट मिळाली, जाऊन ॲडमिशन घेतली. आता दुसऱ्या राउंडला चांगलं मिळतंय का बघायचं, की आहे तिथं थांबायचं? काका खिशातून रुमाल काढतात आणि बाकड्यावर टाकतात. "हे बघा. खिडकीतनं रुमाल टाकला. सीट तुमची. पण तुम्ही उभेच आहात, पुढं खिडकीजवळची मिळते का बघूलालाव. मिळाली तर हा रुमाल आपोआप गेला. मागं वळून बघायचं नाही, तिथं दुसरा बसलेला असतो. आणि रिटेन्शन भरला म्हणजे?" इथे ते स्वतः रुमालावर बसतात. "बसलो. आता पुढची रिकामी झाली तरी उठणार नाही." नोकरीत असताना रुमाल टाकणाऱ्या प्रवाशांवर याच माणसाने उभी हयात ओरडण्यात घालवली होती.

नीटच्या दिवशी काका टपरीवरची बैठक बंद ठेवतात आणि एका परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर सकाळपासून उभे असतात. त्यांचं कुणीही परीक्षेला नसतं. पिशवीत कात्री, सेफ्टी पिना, दोन-तीन आकारांच्या रबरी चपला, ढगळ टी-शर्ट आणि पारदर्शक पाण्याच्या बाटल्या. बूट चालत नाहीत, लांब बाह्या चालत नाहीत, धातूचं काही चालत नाही, हे दरवर्षी सांगूनही दरवर्षी कुणीतरी मामाने लग्नात घेतलेला फुल शर्ट घालून येतंच. काका तिथल्या तिथे बाह्या कापतात. मामा समोर उभा असला तरी कापतात. पोरींच्या कानातलं, नाकातलं काढून आयांच्या पदराला बांधून देतात. दीडला फाटक बंद होतं. एक चाळीसला धावत येणारं एक पोरगं असतंच, आणि फाटकाच्या आतल्या शिपायाशी काका जे बोलतात त्यात विनवणी, नियम आणि जुनी ओळख असं तिन्ही असतं. उपयोग होत नाही. मग त्या पोराला घेऊन ते सावलीला बसतात आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक सांगतात. दोन ते पाच सगळ्या आया जप करतात, बाप फोनवर बोलतात. काका तेवढ्यात आयांकडून डोमिसाइलची चौकशी करून घेतात.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस म्हणजे ४ जून २०२४. देश लोकसभेची मतमोजणी बघत होता आणि संध्याकाळी नीटचा निकाल लागला. पैकीच्या पैकी ७२० मार्कांची ६७ पोरं. काकांनी आधी चष्मा पुसला. मग कुणीतरी ७१८ आणि ७१९ चा आकडा दाखवला, तेव्हा ते उठून उभे राहिले. "हे होतच नाही!" बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. सगळे बरोबर तर ७२०. एक सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. मधले आकडे आले कुठून? हे गणित त्यांनी टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला मांडून सगळ्यांना दाखवलं. वेळ वाया गेलेल्या १५६३ जणांना वाढीव मार्क दिले होते, हे दिल्लीहून सांगितलं गेलं. ते मार्क रद्द झाले, त्या पोरांची फेरपरीक्षाही झाली. पण काकांची फाईल त्या संध्याकाळीच रद्दी झाली होती. त्या वर्षी सहाशे मार्क पडलेली पोरं टपरीवर येऊन रडली. मागल्या साली याच मार्कांवर त्यांनी एकाला कॉलेज निवडायला लावलं होतं.

मग २०२५. फिजिक्सचा पेपर असा निघाला की पोरं बाहेर येऊन फुटपाथवरच बसली. देशात पहिला आला त्यालाच ६८६. पुन्हा फाईल रद्दी, पण उलट्या बाजूने. सव्वापाचशेचं एक पोरगं मान खाली घालून आलं, तर काकांनी त्याच्या पाठीवर धपाटा घातला, "रडूलालास कशाला? सरकारी घेऊन जातूस तू!" पोराचा विश्वास बसेना. बापाचा बसला, कारण बापाने लगेच चहाबरोबर भजीही सांगितली. तेव्हापासून काका मार्क विचारत नाहीत, रँक विचारतात. म्हणजे तत्त्व म्हणून रँक विचारतात. सवयीने अजून मार्कच विचारतात.

कॉलेज त्यांनी एकही आतून पाहिलेलं नाही. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं आली. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, जालना, बुलढाणा अशी यादी लांबली, तेव्हा काका दोन रात्री झोपले नाहीत, आनंदाने. प्रत्येक गावाचा डेपो त्यांना पाठ. तिथला हाडांचा विभाग कसा आहे हे त्यांना विचारू नका. रात्रीची गाडी किती वाजता पोचते आणि पहाटे चहा कुठे मिळतो ते सांगतील. मला वाटतं, पोराला सोडायला निघालेल्या बापाला तीच माहिती जास्त उपयोगाची असते.

सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना देणारा सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला, त्या दिवशी काकांनी करोनात दार उघडून गल्लीत साखर वाटली, तोंडाला मास्क लावून. आमच्या मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून आमच्या पोरांना जागा कमी, हे त्यांचं जुनं दुखणं. साखर घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना कशाची साखर ते कळलं नाही. शेजारच्या आजींना वाटलं लस आली.

चिडलेले काका बघायचे असतील तर एजंटाचा विषय काढावा. "सर, सीट आहे, डोनेशनचं बोलून घेऊ" असे फोन जुलै-ऑगस्टमध्ये गावोगाव येतात. काका असा फोन स्पीकरवर टाकायला लावतात आणि थंडपणे विचारतात, "कोणत्या राउंडची सीट? सीट मॅट्रिक्समध्ये कितव्या पानावर?" पलीकडून फोन कट होतो. परदेशाबद्दल मात्र ते हळू आवाजात बोलतात. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये अडकलेल्या पोरांच्या बापांनी इथेच बाकड्यावर बसून रात्र-रात्र फोन लावले होते. मी एकदा त्यांना आनंदीबाई जोशींचं सांगितलं, १८८३ साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या कॉलेजला पत्र लिहिलं आणि तिथल्या डीनबाईंनी प्रवेश दिला. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "फक्त पत्रावर? डोमिसाइल नाही?" नाही म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोठी बाई. पण पत्राची झेरॉक्स ठेवली होती का?"

त्यांना निरुत्तर झालेलं मी एकदाच पाहिलं. मुखेडकडचे एक शिक्षक पोराला घेऊन आले होते. पोराची रँक उत्तम, ऑल इंडियाच्या पहिल्या राउंडला लांबचं पण चांगलं कॉलेज लागलेलं. बाप बोलत होता, काका लिहीत होते, पोरगं गप्प. बाप पाणी आणायला उठला तेव्हा पोरगं म्हणालं, "काका, जायचंच नसलं तर कोणता फॉर्म असतो?"

काकांनी हिरवी पानं चाळली, निळी चाळली. लालही चाळली. डॉक्टर व्हायचं आहे का, हा रकाना त्यांच्या कुठल्याच फायलीत नव्हता. तो प्रश्न त्यांनी आजवर कुणाला विचारलाच नव्हता, कारण कुठल्याही अर्जात तो नाही. शेवटी ते अगदी सरकारी आवाजात म्हणाले, "पहिल्या राउंडला फ्री एग्झिट आहे. जॉइन झाला नाहीस तरी दंड नाही. दुसऱ्याला डिपॉझिट जातं. म्हणजे सांगायचं तर आत्ताच सांग." बाप परत आला. पोराने सांगितलं. बाप काकांवर भडकला, तुम्ही पोराच्या डोक्यात भरवलं म्हणाला. काका शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी नाही, नियमात आहे," आणि माहितीपुस्तिकेतलं कलम काढून दाखवलं. निघताना पोराच्या हातात त्यांनी एका चिठ्ठीवर आपल्या मुलीचा नंबर दिला. त्या पोराचं पुढे काय झालं ते कळलं नाही. गुरुजी मात्र दुसऱ्या वर्षी धाकटीला घेऊन पुन्हा आले.

यंदा काकांना चक्कर आली. ऐन कॅप राउंड चालू असताना. सरकारी दवाखान्यात भरती केलं. मी भेटायला गेलो तर सलाइन लावलेल्या हाताने ते इंटर्न मुलीला विचारत होते, "मार्क किती? कोणता राउंड?" मुलगी हसून म्हणाली, "ते गेलं काका, आता पीजीची तयारी चालू आहे. त्याचं काउन्सेलिंग याहून अवघड असतं." काका उशीवरून उठून बसले. पीजीला वेगळी नीट? आठशे मार्कांची? ऑल इंडिया पन्नास टक्के? ब्रँच आधी की कॉलेज आधी? आपल्याला आजवर कुणी बोललं कसं नाही?

दुसऱ्या दिवशी डिस्चार्जचा कागद घेऊन मी गेलो तेव्हा खाटेभोवती चार इंटर्न डॉक्टर उभे होते. कुणाच्या हातात मोबाइल, कुणाच्या हातात मागच्या वर्षीचे कटऑफ. काकांनी केस पेपरच्या मागच्या बाजूला रकाने आखले होते आणि हिरवं पेन सिस्टरकडून मागून घेतलं होतं. रिक्षा खाली उभी आहे म्हणून मी घाई केली, सिस्टरनेही दोनदा खाट रिकामी करायला सांगितलं.

"थांबा हो सिस्टर," काका मान वर न करता म्हणाले, "रेडिओलॉजी वर घ्यायचं का मेडिसिन, एवढं ठरू द्या. लिस्ट आज पाचला लॉक होतीय."